पाठीमागची टाकी

ताडमामा बसलेले असताना उभ्या माणसाच्या डोळ्याला डोळा लावून बोलत, आणि उभे राहिले की बोलणंच खुंटे, कारण वरचं खाली ऐकू येत नसे. पालघर स्टेशनाबाहेरच्या पिंपळावरचे कावळे त्यांना आपल्यातलेच समजत. हे मी वाढवून सांगतोय असं कुणाला वाटेल. वाटू दे. मामांनाही माझं कुठलंच बोलणं खरं वाटत नसे, त्यामुळे मला सवय आहे.

नाव त्यांचं दुसरंच होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुला कशाला पायजे?" मग मीही नाद सोडला. आमच्याकडे ताडाला तोटा नाही, त्यामुळे लोकांनी जे नाव ठेवलं तेच चाललं. साठच्या दशकातली ही गोष्ट. मी पालघरला बर्फाच्या एका कारखान्यात होतो. रोज सकाळी बर्फाच्या लाद्या मामांच्या पिकअपमध्ये चढवायच्या, शिरगावच्या किनाऱ्यावर उतरवायच्या, तिथून कोळणी आणि त्यांच्या मासळीच्या टोपल्या घ्यायच्या आणि मुंबईकडे जाणारी गाडी सुटायच्या आत पालघर स्टेशन गाठायचं. बर्फाच्या राखणीला म्हणून मी मामांच्या शेजारी बसे. मामांच्या मते मी तिथे पेट्रोल चोरायला बसे.

पिकअप लढाईतली. गोरे निघून गेले तेव्हा लिलावात निघाली आणि आमच्या शेठने घेतली. तिची केबिन बहुधा अशा शिपायासाठी बांधली होती, ज्याचे पाय आघाडीवर गेले असावेत. साधा माणूस आत बसला तरी गुडघे डॅशबोर्डला टेकत. मामा बसले की गुडघे थेट कानांशी येत, आणि स्टिअरिंगचं चाक त्या दोन गुडघ्यांच्या मधे, अडकित्त्यात सुपारी अडकावी तसं अडके. लांबून बघणाऱ्याला वाटे, बेडूक गाडी चालवतोय. उजव्या बाजूचं दार त्यांनी कधीच काढून टाकलं होतं, म्हणजे उजवा गुडघा बाहेर राही. वाटेतल्या म्हशी तो गुडघा ओळखत. एकीने तर तो चाटूनही पाहिला होता. डावा गुडघा हॉर्नवर येई, त्यामुळे प्रत्येक डाव्या वळणाला हॉर्न आपोआप वाजे. शिरगावच्या लोकांना वाटे, फार सभ्य ड्रायव्हर आहे.

सभ्य वगैरे काही नाही. संशयी होते. इतका संशयी माणूस मी पालघर तालुक्यात पाहिला नाही, आणि पालघर तालुक्यात संशयी माणसं काही थोडीथोडकी नाहीत. चहावाल्याने चहा दिला की आधी त्याला एक घोट घ्यायला लावत. न्हाव्याकडे दाढी करताना डोळे मिटत नसत. फाटक बंद असलं की गाडीतून उतरून, एवढं थोरलं अंग घडी घालून, रुळाला कान लावत. फाटकवाला उगाच फाटक लावून पेंगतो असं त्यांचं पक्कं मत होतं. आगगाडीचा आवाज आला की उठत, गुडघे झटकत आणि म्हणत, "बघून घेतलेलं बरं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सूर्य उगवला तरी ते एकदा मागे वळून बघत, खरंच पूर्वेकडून उगवलाय ना.

आता मूळ मुद्द्यावर येतो. त्या पिकअपची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, ड्रायव्हरच्या पाठीमागेच होती. सीट आणि मागचा पत्रा यांच्यामधे उभी टाकी. तिचं तोंड बाहेर निघालेलं, त्याला मामांनी तिजोरीला शोभेल असं कुलूप घातलेलं. टाकीत किती पेट्रोल आहे ते बघायला वेळवाची, म्हणजे बांबूची, एक काठी होती. तिच्यावर मामांनी स्वतः खाच पाडलेली. रोजच्या बुडवण्याने ती काळी पडली होती आणि तिला लांबूनही पेट्रोलचा वास येई. पण मामांना काठीचीही गरज नसे. गाडी हलली की पाठीमागे टाकी डबक डबक करी आणि त्या आवाजावरून मामा सांगत, म्हैस दुधाला आलीय की नाही हे गवळ्याला कळावं तसं, आत किती आहे.

"टाकीनं पाठ थोपटली की बरं वाटतं," ते म्हणत. "पाठीला लागून असलेलं कुणाला चोरता येत नाय."

आणि हे काही वेड नव्हतं, ते मला पुढे कळलं. मी येण्याआधी कधीतरी, कुणीतरी रबरी नळी घालून टाकीतलं पेट्रोल ओढलं होतं. तेव्हा कुलूप नव्हतं. गाडी खाडीच्या बांधावर, भर उन्हात, टोपल्यांनी भरलेली असताना बंद पडली. मुंबईची आगगाडी निघून गेली. बर्फ गेला. संध्याकाळी सगळी मासळी खाडीत ओतावी लागली. त्यात शिरगावच्या नाथीबाय कोळणीची एक भलीमोठी घोळ होती. तशी घोळ वर्षातून कधीतरी जाळ्यात येते. पेट्रोल मामांनीच विकून खाल्लं म्हणत सगळ्या कोळणींनी त्या दिवशी त्यांना इतक्या शिव्या घातल्या की बांधावरची खेकडी बिळात गेली. एकटी नाथीबाय काही बोलली नाही. टोपली खाडीच्या पाण्यात धुतली, डोक्यावर उलटी घातली आणि चालत शिरगावला निघाली. मामा म्हणाले, "शिव्या कानातून जातात रे. ती गप चालत गेली, ते जात नाय."

तेव्हापासून जगातला प्रत्येक माणूस पेट्रोलचोर.

आता हा संशय मामांच्या गुडघ्याशी येऊन भिडला. त्या वैशाखात बर्फ घेऊन शिरगावकडे जाताना, मिठागराच्या कडेला उजवं वळण घ्यायचं होतं. मामांनी चाक फिरवलं. चाक अर्धं फिरलं आणि गुडघ्यात अडकलं. गुडघा दिवसेंदिवस सुजत चालला होता, त्या दिवशी तो बाजूला झालाच नाही. गाडी सरळ मिठागरात. लाद्या फुटून मिठात पसरल्या. त्या वर्षीचं मीठ पालघरात उन्हाळाभर थंड लागत होतं, असं मी सांगतो. कुणी ऐकत नाही.

शेठ आला. गाडी बघितली, गुडघा बघितला, माझ्याकडे उगाचच रागाने बघितलं आणि मामांना म्हणाला, "पावसाळाभर बोटी बंद असतील, तेवढी मुदत. नारळी पौर्णिमेनंतर गाडी वेळेवर धावली पाहिजे. तुम्हाला बसायला जमत नसेल तर माझा भाचा बसेल."

शेठचा भाचा उभ्याउभ्या पिकअपच्या खालून जाई. त्याला ती केबिन म्हणजे मंगल कार्यालय होतं. मामांचं वय झालेलं. इतक्या लांब माणसाला दुसरी गाडी कोण देणार? कुठल्याच केबिनीत ते मावत नव्हते. ही गाडी गेली की मामा संपले, हे मामांना कळत होतं, मला कळत होतं, आणि बहुतेक त्या चाटणाऱ्या म्हशीलाही कळत होतं.

मग सुरू झाले उपाय. आधी मामांनी वहाणा काढून टाकल्या, तळव्याची जाडी वाचली. मग सीटमधला काथ्या उपसला. पाठ थोडी मागे गेली पण बूड खाली गेलं, त्यामुळे गुडघे आणखी वर. मग सीटखाली फळ्या घातल्या. गुडघे खाली आले पण डोकं टपाला लागलं. मी टपाला भोक पाडायला सुचवलं. मामा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना संशय आला की मी चेष्टा करतोय. शेवटी भंगारातलं एक लहान स्टिअरिंग आणून बसवलं. ते इतकं जड फिरे की एक वळण घेईपर्यंत दुसरं येऊन ठेपे.

"मामा," मी म्हटलं, "जागा एकच आहे. तुमच्या पाठीमागे."

"ती टाकीची जागा हाय."

"टाकी काढली तर सीट मागे जाईल."

मामांचा चेहरा असा झाला की जणू त्यांचं मूत्रपिंड मागितलं. "असं?" ते म्हणाले. "आणि टाकी कुठं ठेवायची? तुझ्या घरी?"

त्या सुमारास तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं होतं आणि बोईसरच्या बाजूला नाना प्रांतांचे कारागीर आले होते. त्यांच्यातला एक वेल्डर सरावलीच्या वाटेवर झोपडी बांधून बाहेरची कामंही घेई. पावसात चिखल तुडवत आम्ही गाडी त्याच्याकडे नेली. त्याने मामांना आत बसवलं. बघितलं. हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"चाचा," तो म्हणाला, "टंकी नीचे डालेंगे, पीछे फट्टे के नीचे. सीट पूरी पीछे. टाँग सीधी हो जाएगी."

"नीचे?" मामा म्हणाले. "नीचे कोई भी हाथ डालेगा."

"ताला लगा दूँगा."

"ताला तू लगाएगा तो चाबी का नक्शा तेरे पास रहेगा."

वेल्डर मला म्हणाला, "इनको कोई बीमारी है क्या?"

मामा गाडीवर पाऊस पडू देत तिथेच, टाकीला पाठ लावून बसून राहिले. वेल्डरची भाकरी झाली, जेवण झालं, विडी झाली. मग मामांनी उतरायला म्हणून पाय बाहेर काढला, आणि तो सरळच होईना. दोन्ही हातांनी धरून, दार नसलेल्या जागेतून, तो त्यांनी एखादं परकं सामान उतरवावं तसा खाली ठेवला. तिथे उभे राहून बराच वेळ त्या पायाकडे बघत होते.

"कर," ते वेल्डरला म्हणाले. "पण मी बघणार."

टाकी रिकामी करून काढली. पेट्रोल एका डब्यात ओतलं, आणि तो डबा काम चालू असताना मामांनी मांडीत धरला होता. वेल्डर विस्तव पेटवतोय आणि मामा पेट्रोल मांडीवर घेऊन शेजारी बसलेत, हे बघून मी पार कुंभवलीपर्यंत पळालो. परत आलो तेव्हा टाकी मागच्या फळ्यांच्या खाली बसली होती. तिचं तोंड फळीतून वर काढलेलं, अगदी केबिनच्या पत्र्याला लागून. मामांनी कुलूप आपलंच आणलेलं लावलं. सीट मागे सरकली होती.

मामा आत बसले. पाय लांब केले. एकदा आखडले, परत लांब केले. चाक पूर्ण फिरवलं, ते कुठेच अडलं नाही.

"माझे पाय एवढे लांब हायत?" ते हळूच म्हणाले.

असं वाटेल की गोष्ट इथे संपली. माझीही तीच समजूत होती.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, आल्या. पहिल्या दिवशी शिरगावला गाडी लागली आणि घोळ झाला. त्या पिकअपमधे प्रत्येक कोळणीची जागा ठरलेली होती. कुणी ठरवली माहीत नाही, पण ठरलेली. आपली सोडून दुसरीच्या जागेवर टोपली ठेवणं म्हणजे दुसरीच्या चुलीवर आपली हंडी चढवणं. नाथीबायची जागा केबिनच्या पत्र्याला लागून, वारा लागत नाही तिथे. आणि नेमकं तिथेच फळीतून टाकीचं तोंड वर आलेलं.

"हे काय उगवलंय?" नाथीबाय म्हणाली.

"टाकी हाय. तू तिकडं सरक," मामा म्हणाले.

"मी नाय सरकनार. टाकीला सांग."

तिने टाकीच्या तोंडाच्या दोन बाजूंना दोन विटा ठेवल्या, वर लाकडी पाट टाकला आणि त्यावर बसली. टोपली पुढ्यात. गाडी निघाली. पण मामांच्या पाठीमागे आता डबक डबक नव्हतं. पाय लांब होते, चाक मोकळं होतं आणि मामा घामाने निथळत होते. पहिल्या वळणाला गाडी थांबवली. मागे जाऊन नाथीबायला उठवलं, पाट काढला, कुलूप काढलं, काठी बुडवली, बघितलं. "बघून घेतलेलं बरं." पुढच्या वळणाला परत. बांधावर परत. शेवटी तर एक कुत्रं गाडीखालून गेलं म्हणून थांबले. स्टेशनात शिरलो तेव्हा मुंबईच्या गाडीचा शेवटचा डबा दिसत होता. मासळी पालघरच्या बाजारात मिळेल त्या भावाने फुंकून टाकावी लागली.

शेठ स्टेशनावरच होता. "गुडघा सुटला तर आता डोकं अडकलं," तो म्हणाला. "उद्या गाडी चुकली तर परवा किल्ली भाच्याकडे."

दुसऱ्या दिवशी शिरगावला टोपल्या चढल्या. मामा गाडी सुरू करायच्या आधी काठी घेऊन मागे आले. नाथीबाय पाटावर बसलेली. उठली नाही.

"काठी दे," ती म्हणाली.

"कशाला?"

"मी बुडवते. हितं चढताना, आनि ठेसनात उतरताना. मदी मी हितंच बसलेली हाय. माज्या बुडाखालून कोन पेट्रोल नेतंय ते बघते."

"नाय," मामा म्हणाले.

"मंग उतरा गं सगळ्या. डायवरचे पाय लांब हायत, टोपल्या घेऊन तोच चालत जाईल, गाडीच्या आदी पोचंल."

बायका हसल्या. मामा हसले नाहीत. काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

नाथीबायचा आवाज खाली आला. "डायवर, माजी घोळ खाडीत ओतलीस, तवा मी तुला काय बोलली?"

"काय नाय बोललीस."

"का नाय बोलली?"

मामांनी काठीवरची खाच अंगठ्याने चाचपली.

"मला म्हाईत होतं, तू चोर नाय. आता तू सांग. मी चोर हाय?"

समुद्राकडून वारा येत होता आणि वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळी हलत होत्या. मामांच्या चेहऱ्यावर एवढा वेळ संशय दिसला नाही, मला चुकल्यासारखं झालं. त्यांनी काठी पुढे केली. लगेच मागे घेतली. मग पुन्हा पुढे केली आणि तिच्या हातात सोडली. कुलपाची किल्ली कमरेच्या करगोट्याला होती. ती सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

त्या दिवशी आम्ही इतक्या लवकर पोचलो की मुंबईची गाडी अजून डहाणूहून निघालीसुद्धा नव्हती. शेठचा भाचा किल्ली घ्यायला आला होता, तो वडा खाऊन परत गेला.

पुढे एकदा पोलीस जमादाराने गाडी अडवली. दारूबंदीचा काळ. गाडीखाली नवी टाकी लावलीय अशी खबर त्याला कुणीतरी दिली होती. कुणी ते मला माहीत नाही, आणि माझ्याकडे असं बघू नका. मामा गप्प, कारण कुलूप उघडलं तर जमादार पेट्रोल ओढेल असा त्यांना संशय. नाथीबायने पाट सरकवला, कुलूप काढलं, काठी बुडवली आणि पेट्रोल टपकणारी काठी जमादाराच्या नाकाशी धरली.

"घे, पी," ती म्हणाली. "पन तोंडातली विडी आदी लांब टाक."

विडी आणि जमादार एकाच वेळी, दोन वेगवेगळ्या दिशांना, लांब गेले.

सगळं सुरळीत चाललं आणि इथेच माझं डोकं फिरलं. मामा बदलले यावर माझा विश्वासच बसेना. चहावाल्याला ते अजून पहिला घोट घ्यायला लावत. रुळाला अजून कान लावत. मग पेट्रोल तेवढं एका बाईच्या हवाली? मी नजर ठेवू लागलो. आणि एका सकाळी, बर्फ भरून फाटकाशी थांबलो असताना, मामा रुळाकडे गेले तसा मी त्यांच्या सीटमागच्या मोकळ्या फटीत हात घातला. टाकी होती ती जागा. हाताला काठी लागली. वेळवाची, तेवढीच लांब. तशीच खाच.

सापडला, मी मनात म्हटलं. म्हातारा रोज नाथीबाय उतरून गेली की दुसऱ्या काठीने मोजतो, नक्कीच दुसरी किल्लीही असणार. पुराव्यासाठी काठी नाकाशी धरली.

पेट्रोलचा वास नव्हता. नुसता वेळवाचा वास आणि धूळ. खाचेत कोळ्याचं जाळं होतं. ती काठी कधीच कशात बुडाली नव्हती.

वर बघतो तर दार नसलेल्या जागेत मामा उभे.

"काय वास घेतोस रे, बर्फवाल्या?"

त्यांनी काठी माझ्या हातून घेतली, जाळं न मोडता परत फटीत सरकवली, आत बसले आणि पाय लांब केले.

"मी मोजत नाय," ते म्हणाले, "हे तिला सांगू नकोस. म्हणंल, डायवर म्हातारा झाला."

आगगाडी धडधडत गेली आणि फाटक उघडलं. गाडी रुळांवरून गेली. तेव्हा मला आठवलं की एरवी आवाज येईपर्यंत कान लावून बसणारे मामा आज आगगाडी यायच्या कितीतरी आधीच रुळापासून उठून परत आले होते. ते त्या दिवशी रुळाला कान लावायला उतरले होते, की मला काठीशी एकटं सोडायला, हा संशय मला आजही आहे.